शेवटच्या पंगतीला उरलेला भात

ती पहिल्यांदा आली तेव्हा पिशवीत पोटाला गुंडाळायचा घाम काढणारा पट्टा होता. मला दाखवायलाच आणला होता. "मॅडम, तीन महिने रोज बांधला. काढल्यावर जरा आत गेल्यासारखं वाटतं, चहा पिऊन होईतो परत जसंच्या तसं."

वय ३१. पतसंस्थेत रोखपाल. सांगलीजवळच्या गावात एकत्र कुटुंब, मुलगी पाच वर्षांची. स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंची चिठ्ठी सोबत होती: पीसीओएस (पाळी आणि संप्रेरकांचा बिघाड), इन्सुलिन रेझिस्टन्स (साखर आवरणारं इन्सुलिन शरीर नीट न जुमानणं), आहारासाठी पाठवत आहे. औषधं बाईंकडे, ताट आणि हालचाल माझ्याकडे, अशी आमची वाटणी. पुढचे नऊ महिने काय झालं ते इथे लिहिते आहे. तिला विचारूनच लिहिते आहे, आणि ओळख पटेल असं सगळं काढून टाकलं आहे.

तिची तक्रार एका वाक्याची होती. हातपाय बारीक आहेत, चेहरा ठीक आहे, पण पोट काही केल्या जात नाही. बस स्टॅण्डवर एका बाईने उठून जागा दिली होती, "कितवा महिना?" विचारून. ते सांगताना ती हसली, पण पट्टा त्याच आठवड्यात मागवला होता.

पट्ट्याच्या आधीही बरंच काही करून झालं होतं. सकाळी उपाशीपोटी लिंबू-मध, मग जिऱ्याचं पाणी, मग व्हिनेगर. दोन महिने कीटो, त्यात सहा किलो गेले आणि पुढच्या चार महिन्यांत आठ परत आले. दिवसातून दोनदाच जेवायचा प्रयोगही केला, पण दोन्ही जेवणांत भाताचा डोंगर. मोबाइलवर बघून रोज शंभर पोटाचे व्यायाम. शेवटी मान आखडली आणि ते थांबलं.

पोटाचे व्यायाम वाईट नव्हेत, त्यांनी पोटाचा स्नायू बळकट होतो. पण त्या स्नायूवरची किंवा त्याच्या आतली चरबी तो स्वतःच्या खर्चासाठी वापरत नाही. चरबी जळते ती सगळ्या अंगाच्या हिशेबातून, आणि कुठली आधी काढायची हे आपण ठरवू शकत नाही. पट्ट्याने जातं ते पाणी.

टेप आणि कागद

उंची १५४ सेंमी, वजन ७४.६ किलो, बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, साडेएकतीस. कमरेचा घेर ९७ सेंमी. हा घेर कुठे मोजायचा यावर मी नेहमी अडून बसते. शिंपी मोजतो ती कंबर वेगळी, नाडी बांधतो ती जागा वेगळी. शेवटची बरगडी आणि कुल्ह्याच्या हाडाची वरची कड, या दोन्हींच्या बरोबर मध्ये टेप धरायचा, श्वास सहज सोडायचा आणि मग आकडा वाचायचा. पोट आत ओढायचं नाही. भारतीय बायकांसाठी ८० सेंमीची मर्यादा धरतात, पुरुषांसाठी ९०.

आपल्याकडे मर्यादा खाली का धरतात, हे समजावताना मला पुण्याचं उदाहरण हाताशी असतं. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचाच फोटो छापला होता. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. बीएमआयच्या हिशेबाने दोघे सारखेच. आपली माणसं हाडापेराने बारीक असून आतून चरबीची असू शकतात, आणि ती चरबी बहुतेकदा पोटात, आतड्यांभोवती आणि यकृतात बसते. म्हणून भारतीयांसाठी बीएमआय २३ च्या पुढे जादा वजन आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा मानतात. तिचा नवरा तिथेच बसला होता. त्याने गपचूप स्वतःच्या पोटाकडे पाहिलं.

तिच्या मानेवर मागून मखमलीसारखा काळपट पट्टा होता, काखेतही. "घासून घासून दमले, मॅडम. बेसन लावलं, लिंबू लावलं. आत्या म्हणतात, नीट अंघोळ करत जा." आत्या म्हणजे तिच्या सासूबाई. हा मळ नव्हे. रक्तात इन्सुलिन सतत जास्त राहिलं की त्वचेच्या पेशी वाढतात आणि घडीच्या जागी त्वचा जाड, काळी होते. पेशंट दारातून आत येताना मला सगळ्यात आधी काही दिसत असेल तर ही मान.

रक्ताचे आकडे असे होते. उपाशीपोटीची साखर ९८, म्हणजे कागदावर नॉर्मल. हीच गंमत आहे. बाईंनी तेवढ्यावर न थांबता ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी पुन्हा साखर काढली होती, ती १५२ आली. १४० च्या पुढे गेली म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. पीसीओएसमध्ये ही दोन तासांची तपासणी करावी असं आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात, पण दोन तास बसायचं म्हणून ती टाळली जाते. उपाशीपोटीचं इन्सुलिन १९.४. साखर आणि इन्सुलिन यांचा गुणाकार करून ४०५ ने भागलं की होमा-आयआर येतो, तो ४.७. हा आकडा बघून ती फार घाबरली होती. मी तो बाजूला ठेवायला सांगितलं. इन्सुलिनची तपासणी प्रयोगशाळेप्रमाणे आणि दिवसाप्रमाणे हलते, आणि निदानासाठी ती लागतही नाही. मान, घेर आणि दोन तासांची साखर यांनी जे सांगायचं ते सांगितलंच होतं.

बाकी ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) १८८, म्हणजे जास्त, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) ३६, म्हणजे कमी, सोनोग्राफीत यकृतावर थोडी चरबी. थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन ठीक. हिमोग्लोबिन ९.४, फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा) ६. एचबीएवनसी (साधारण तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी) ६.३.

या शेवटच्या दोन ओळी एकत्र वाचायला हव्यात. लोह कमी असेल तर एचबीएवनसी खोटं वर दिसू शकतं. तिचं ६.३ पूर्ण साखरेचं होतं असं धरून चालणं चूक ठरलं असतं. आणि लोह कमी का, तर पाळी. मागच्या वर्षात चारच पाळ्या, त्यातल्या दोन गोळी देऊन आणलेल्या, आणि आली की अकरा-बारा दिवस. बीज सुटत नाही, गर्भाशयाचं अस्तर महिनोन्महिने जाड होत राहतं आणि मग एकदम ओततं. तीन-तीन महिने पाळी न येणं "बरंच आहे की, कटकट नाही" म्हणून सोडून देण्यासारखं नसतं ते या अस्तरामुळेच.

एक गोष्ट मी विचारल्यावर निघाली. मुलीच्या वेळी सातव्या महिन्यात साखर वाढली होती. पथ्यावर भागलं, बाळंतपण नीट झालं आणि विषय संपला. बाळंतपणानंतर सहा ते बारा आठवड्यांत पुन्हा ग्लुकोज तपासणी करायची असते. ती कुणी सांगितली नाही आणि हिने केली नाही. बाळाच्या लसीचा डोस मात्र एकही चुकला नव्हता.

नावानेच घोळ घातलाय

"पण माझ्या अंडाशयात गाठी आहेत ना, त्या विरघळल्या की पोट जाईल?" हा प्रश्न दर दुसरी बाई विचारते, म्हणून इथे जरा थांबते.

१९३५ साली शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेन्थाल या दोन डॉक्टरांनी सात बायकांचं वर्णन केलं: पाळी नाही, मूल नाही, अंडाशयं मोठी. त्या अंडाशयांवरून नाव पडलं आणि वर्षानुवर्षं चिकटून राहिलं. सोनोग्राफीत दिसतात त्या गाठी नव्हेत. ती अर्धवट वाढून थांबलेली बीजांची घरटी असतात. २००३ साली रॉटरडॅममध्ये ठरलेल्या निकषांत तीनपैकी दोन गोष्टी लागतात: अनियमित पाळी, पुरुषी संप्रेरकं वाढल्याची लक्षणं किंवा तपासणी, आणि सोनोग्राफीतली तशी अंडाशयं. सोनोग्राफी साफ असूनही पीसीओएस असू शकतो.

घोळ होतो तो असा. स्नायू आणि यकृत इन्सुलिनचं नीट ऐकेनासे होतात, म्हणून स्वादुपिंड आणखी इन्सुलिन सोडतं. अंडाशय मात्र बहिरं झालेलं नसतं. त्याला हा वाढलेला आवाज पूर्ण ऐकू जातो आणि ते जास्त टेस्टोस्टेरॉन बनवतं. यकृत त्याच वेळी टेस्टोस्टेरॉनला बांधून ठेवणारं प्रथिन कमी बनवतं, म्हणजे मोकळं टेस्टोस्टेरॉन अजून वाढतं. हनुवटीवर केस येतात, पाळी अडते. आणि रक्तात इन्सुलिन वर असेपर्यंत चरबीच्या पेशी आपलं दार उघडत नाहीत. इन्सुलिन हे साठवणीचं संप्रेरक आहे, ते असताना साठा मोडायला परवानगी नसते. पोटाच्या आतली चरबी मात्र इन्सुलिनला तितकी जुमानत नाही, ती यकृताकडे जाणाऱ्या रक्तात चरबी सोडते, यकृत आणखी बहिरं होतं. फिरून भोपळे चौकात.

यातून सुटायला मधली एक कडी सैल करावी लागते. आमच्या हाताशी होती ती जेवणानंतर चढणारी साखर, म्हणजे पर्यायाने दिवसभराचं इन्सुलिन, आणि साखर ओढून घेणारा स्नायू. पोटासाठी म्हणून आम्ही नऊ महिन्यांत वेगळं काहीच केलं नाही. पोट फक्त मोजलं.

तिचा दिवस, तिने सांगितलेला आणि खरा

पहिल्या भेटीत ती म्हणाली, "मी खातेच कुठे, मॅडम." मी विश्वास ठेवला नाही. हे माझं चुकलं. तीन दिवस सगळं लिहून आणायला सांगितलं आणि वही आली तेव्हा दिसलं की ती खरंच फार खात नव्हती. काय खात होती आणि केव्हा, तिथे मेख होती.

सकाळी साडेसहाला चहा आणि दोन खारी. नवाला पोहे. साडेअकराला पतसंस्थेत चहा. दीडला डबा, तीन चपात्या आणि बटाटा किंवा वांगं. साडेतीनला चहा. साडेपाचला चहा आणि भडंग. घरी आल्यावर सासऱ्यांबरोबर पाचवा चहा. दर कपात दोन चमचे साखर, म्हणजे नुसत्या चहातून दिवसाची ४० ते ५० ग्रॅम. ऊस पिकवणाऱ्या घरात बिनसाखरेचा चहा मागणं हा जवळपास अपमान असतो, हे इथल्या लोकांना सांगायला नको.

रात्रीचं खरं चित्र वहीतही नव्हतं, ते बोलता बोलता आलं. आधी मुलं आणि सासरे जेवतात, मग नवरा आणि दीर, मग या दोघी जावा आणि सासूबाई. तोवर दहा वाजतात. "मटकीची उसळ केली की पहिल्या पंगतीलाच संपते. आमच्या वाट्याला रस्सा आणि भात. भात मात्र नेहमी उरतो, मग टाकायचा कशाला?"

मी त्या दिवशी वहीत मोठ्या अक्षरांत लिहिलं: भात उरतो, उसळ उरत नाही. घरात डाळ, कडधान्य, दही, अंडी सगळं येत होतं. तिच्या ताटात पोचत नव्हतं. हिशेब केला तर दिवसाला जेमतेम ३५ ग्रॅम प्रथिनं होत होती. ६० च्या आसपास हवी होती.

दुसरी मेख उपवासांची. सोमवार, गुरुवार, दोन एकादश्या आणि संकष्टी. महिन्याचे अकरा दिवस तरी भरत होते. त्या दिवशी सकाळी साबुदाण्याची खिचडी, दुपारी बटाट्याचे वेफर्स नाहीतर कीस, रात्री वरीचा भात. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ पिष्ट, त्यात प्रथिन नावालाच. तिच्या समजुतीत हे अकरा दिवस वजन कमी करण्याचे होते. ग्लुकोजच्या दृष्टीने ते महिन्यातले सगळ्यात वाईट अकरा दिवस होते.

पहिला तक्ता फसला

मी पहिल्यांदा तेच केलं जे आम्ही सगळे करतो. छापील तक्ता दिला, १४०० कॅलरीचा. ओट्स, सॅलड, सहा बदाम, दोन अक्रोड. आठ दिवसांनी ती आली आणि म्हणाली, "मॅडम, माझ्यासाठी वेगळं शिजवायचं म्हणजे सहाला उठायचं ते पाचला उठावं लागतंय. आणि ओट्स बघून आत्या म्हणाल्या, हे आजाऱ्याचं खाणं का खातीस?" २०२३ च्या आंतरराष्ट्रीय सूचनांत स्पष्ट म्हटलंय की पीसीओएससाठी कुठलाही एक आहार दुसऱ्यापेक्षा सरस ठरलेला नाही. जो टिकतो तो चांगला. हे मला माहीत होतं, तरी छापील तक्ता दिला. सवय.

दुसऱ्या खेपेला मी सासूबाईंना बोलावलं. तक्ता नाही, तीनच गोष्टी ठरवायच्या होत्या.

पहिली, उसळ किंवा आमटीतली घट्ट डाळ हिची आणि जावेची दोन वाट्या आधी काढून झाकून ठेवायची. यावर सासूबाई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "आम्ही जन्मभर शेवटीच जेवलो, आम्हाला कुठं काय झालं?" मी त्यांचं वय विचारलं, साखर विचारली. त्यांना दहा वर्षं मधुमेहाची गोळी चालू होती. मी काही बोलले नाही. दुसऱ्या दिवसापासून तीन वाट्या झाकून ठेवल्या जाऊ लागल्या.

दुसरी गोष्ट उपवास. ते सोडा म्हणण्यात अर्थ नव्हता आणि मला तो अधिकारही नाही. आम्ही उपवासाला काय चालतं याची यादी सासूबाईंच्याच तोंडून काढली. शेंगदाणे चालतात. दही-ताक चालतं. राजगिरा चालतो. पनीर? "ते दूधच की, चालेल." रताळं चालतं. मग खिचडीच्या जागी राजगिऱ्याची एक भाकरी, शेंगदाण्याची आमटी, वाटीभर दही, काकडीची कोशिंबीर. साबुदाणा महिन्यातून एकदा, संकष्टीला, अर्धा आणि त्यात दाणे भरपूर. सोमवार तिने स्वतःहून सोडला, कारण तो धरला होता लग्नाआधी, चांगला नवरा मिळावा म्हणून. "तो तर मिळालाय," ती म्हणाली.

तिसरी चहा. पाचाचे दोन केले, साखर अर्धा चमचा. जेवणानंतर तासभर चहा नाही, कारण चहा लोहाच्या गोळीचं आणि डाळीतल्या लोहाचं शोषण कमी करतो. साखर आणि रक्तक्षय, दोन्हीकडून फायद्याचा असा बदल क्वचित सापडतो. भडंग बंद केला नाही. मूठभर भडंगात मूठभर भाजलेले हरभरे घालायला सांगितले. जयसिंगपूर-सांगलीच्या माणसाला भडंग बंद करायला सांगणं मला जमणार नव्हतं.

डब्यात तीनऐवजी दोन चपात्या आणि सुक्या भाजीबरोबर पिठलं, उसळ किंवा दोन उकडलेली अंडी. आठवड्यातून तीन दिवस ज्वारीची भाकरी. भाकरी खाल्ली की साखर वाढत नाही हा एक गोड गैरसमज आहे. वाढते. पण भाकरी सावकाश खावी लागते, दोन खाल्ल्या की पोट भरतं आणि सोबत काहीतरी कालवण लागतंच.

चालणं, आणि रात्री दहाचा प्रश्न

जेवल्यावर लगेच दहा-पंधरा मिनिटं चाललं तर साखरेची चढण कमी होते, कारण आकुंचन पावणारा स्नायू इन्सुलिनची वाट न पाहता रक्तातली साखर आत घेतो. इन्सुलिन रेझिस्टन्सवरचा यापेक्षा स्वस्त उपाय मला माहीत नाही. पण रात्री दहाला गावात सून एकटी फिरायला निघाली तर लोक काय म्हणतील? पहिले पंधरा दिवस ती गच्चीवर येरझाऱ्या घालत होती. मग नवरा सोबत यायला लागला, मग जाऊ. आणि आपोआप जेवण साडेआठवर आलं, कारण दहानंतर चालायला कुणालाच नको होतं. जेवणाची वेळ मी सांगून बदलली नसती.

स्नायूंचा व्यायाम आठवड्यातून तीन दिवस, पंचवीस मिनिटं. खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, भिंतीला टेकून दंड, पाच किलो पिठाची पिशवी घेऊन उठाबशा, जिन्याच्या पायरीवर चढ-उतार. दर दोन आठवड्यांनी थोडं वाढवायचं. पोटाचे शंभर पूर्ण बंद. पतसंस्थेत गिऱ्हाईक नसलं की उठून एक चक्कर.

बाईंनी इन्सुलिन रेझिस्टन्ससाठी मेटफॉर्मिनची गोळी ५०० पासून सुरू केली होती. पहिल्या आठवड्यात जुलाब, मळमळ. ती गोळी बंद करायला निघाली होती. जेवणाच्या मध्यावर घ्यायची आणि हळूहळू विरघळणारा प्रकार दिल्यावर जमलं, पुढे १००० झालं. मेटफॉर्मिनने वजन थोडंच कमी होतं, पोट उतरवायची गोळी म्हणून कुणी घेऊ नये. दीर्घकाळ घेतल्यास बी-१२ घटू शकतं, तेही तपासायचं असतं. आणि बीज पुन्हा सुटायला लागलं की दिवस राहू शकतात, हे बाईंनी तिला आणि नवऱ्याला दोघांना समोर बसवून सांगितलं. "पाळीच येत नाही, मग काय होणार" या भरवशावर राहिलेल्या जोडप्यांची धांदल आम्ही पाहिली आहे.

पीसीओएससाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या इनोसिटॉल या पूरकाची पाकिटं ती आधीपासून घेत होती. त्याने घेर किंवा वजन उतरतं याला भक्कम पुरावा नाही. तिला ते सांगितलं, पुडी संपल्यावर तिने पुन्हा आणली नाही.

आकडे कसे हलले

सहा आठवड्यांनी वजन ७३.९. सातशे ग्रॅम. ती रडवेली झाली. "कीटोत एवढ्या दिवसांत चार किलो गेले होते." मग टेप लावला: ९४. तीन सेंमी गेले होते. मला त्या दिवशी तिच्याइतकाच आनंद झाला, कारण टेप पुन्हा पुन्हा, तिसऱ्यांदा लावूनही तेवढाच आला. स्नायू टिकवून आतली चरबी उतरत असेल तर असंच दिसतं, काट्यावर फार काही नाही आणि नाडी सैल. तिने नंतर सांगितलं की सलवारीची गाठ पुढे सरकल्याचं तिला आधीच जाणवलं होतं, पण काटा बघून तिला ते खरं वाटलं नाही.

ऑगस्टमध्ये ७२.४ आणि घेर ९२. त्याच महिन्यात पाळी स्वतःहून आली, ४६ दिवसांनी. पुढची ४१.

मग गौरी-गणपती, नवरात्र, दिवाळी. नवरात्रात नऊ दिवसांचा उपवास तिच्या घरात सुनेने धरायचा असतो. यावर सासूबाईंनीच तोड काढली, उठता-बसता धरायचा. पहिला आणि शेवटचा. गोळी चालू आहे, औषध घेणाऱ्याला चालतं, असं त्या शेजारणीला सांगत होत्या म्हणे. दिवाळीत मात्र कुणाचं काही चाललं नाही. त्यात आईचं ऑपरेशन, तीन आठवडे माहेरी, चालणं बंद. नोव्हेंबरमध्ये वजन ७३.३. घेर ९२ च.

ती मला तोंड दाखवायला लाजत होती. तीन भेटी टाळल्या, शेवटी मी फोन केला. मला त्या आकड्यांत हार दिसत नव्हती. वजन सणांत किलोभर वाढलं आणि घेर जागचा हलला नाही, म्हणजे पूर्वीसारखं सगळं पोटावर जाऊन बसलं नव्हतं. हे मी तिला सांगितलं, पण खरं सांगायचं तर तिला परत रुळावर आणलं ते जावेने. जाऊ एकटीच चालत राहिली होती.

फेब्रुवारीत नऊ महिने झाले. वजन ६९.१, म्हणजे साडेपाच किलो, सुरुवातीच्या वजनाच्या सात टक्क्यांहून थोडं जास्त. घेर ८८. उपाशीपोटीची साखर ९१, दोन तासांची १२६. ट्रायग्लिसराइड १४१, एचडीएल ४१. हिमोग्लोबिन १२.१. एचबीएवनसी ५.६, पण ६.३ वरून इथवरच्या उतरणीत लोहाचा वाटा किती आणि पथ्याचा किती, हे सांगता येणार नाही. म्हणून मी तिला दोन तासांचा आकडा दाखवते, हा नाही. पाळी ३५ ते ३८ दिवसांवर, पाच-सहा दिवसांची. मान उजळली आहे, पूर्ण नाही. हनुवटीवरचे केस तसेच, दोरा चालूच आहे. केसांवर फरक पडायला फार वेळ लागतो आणि कधीकधी वेगळी औषधं लागतात, ते बाई बघतील.

सात टक्के हा आकडा ऐकायला किरकोळ वाटतो. अमेरिकेतल्या मधुमेह प्रतिबंधाच्या मोठ्या अभ्यासात, २००२ साली, साधारण एवढंच ध्येय आणि आठवड्याला १५० मिनिटं हालचाल ठेवली होती, आणि मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं होतं. एकट्या मेटफॉर्मिनने ३१. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या भारतीय अभ्यासात फरक कमी दिसला, जीवनशैलीने साडेअठ्ठावीस टक्के, पण दिसला.

तरी ८८ म्हणजे ८० नव्हे. जानेवारीपासून टेप तिथेच अडला आहे. वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनबद्दल तिने विचारलं, तिर्झेपेटाइड मार्च २०२५ मध्ये भारतात आल्यापासून दर आठवड्याला कुणीतरी विचारतंच. बाईंनी शक्यता नाकारली नाही, पण पुढे मूल हवं असेल तर ते आधी थांबवावं लागतं, खर्च आहे, आणि स्नायूचा व्यायाम त्यातही सुटत नाही, हे सांगितलं. तिने सध्या नको म्हटलंय.

माझ्याकडून एक गोष्ट उशिरा झाली. ती रात्री घोरते का, हे मी सातव्या महिन्यात विचारलं. नवरा म्हणाला, "घोरते? आम्ही गच्चीवर झोपतो." पीसीओएसमध्ये झोपेत श्वास अडकण्याचं प्रमाण जास्त असतं आणि त्याने इन्सुलिन रेझिस्टन्स वाढतो. हे पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं. झोपेच्या तपासणीसाठी मिरजेला जायला सांगितलंय. दोनदा तारीख ठरली, एकदा मार्चअखेर आला आणि एकदा मुलीला ताप. आता मे महिन्याची तारीख आहे. पट्टा जावेच्या मुलाने पतंगाची फिरकी बांधायला नेला.